बाळाची कावीळ आणि कोवळं ऊन

गुडघा आपटला की डाग आधी काळानिळा पडतो, मग हिरवट होतो आणि शेवटी पिवळा. रक्ताला लाल रंग देणारं ‘हीम’ त्या डागात हळूहळू मोडत असतं. चार पायरोल कड्या आणि मधोमध लोहाचा अणू, अशी त्याची घडण. ती उलगडली की आधी हिरवं बिलिव्हर्डिन तयार होतं, मग पिवळं बिलिरुबिन.

नवजात बाळात लाल पेशी जास्त, हे बिलिरुबिन शरीराबाहेर टाकणारं यकृत मात्र अजून कच्चं. म्हणून पूर्ण दिवसांच्या १० बाळांपैकी साधारण ६ पहिल्या आठवड्यात पिवळी दिसतात. बहुतेकांची कावीळ आपोआप ओसरते. पण बिलिरुबिन फार वाढलं तर ते मेंदूत शिरतं आणि बहिरेपण किंवा हातापायांचा ताठरपणा जन्मभर राहतो.

यावरचा उपाय एका नर्सच्या नजरेनं सापडला. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणातल्या उन्हात नेत असत. एका बाळाचं अंग फिकट झालेलं, पण चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला त्रिकोण पिवळाधमक! तिथल्या डॉ. क्रेमर आणि सहकाऱ्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रकाशोपचार मांडला. निळा प्रकाश बिलिरुबिनच्या रेणूचा आकारच बदलतो. मग ते यकृतातल्या नेहमीच्या प्रक्रियेशिवायही पित्तावाटे आणि लघवीवाटे बाहेर पडतं.

“मग घरीच कोवळ्या उन्हात ठेवू की!” आजी म्हणतात ते मायेपोटीच, पण खिडकीतल्या उन्हाचं मोजमाप होत नाही. उघडं बाळ गारठतं किंवा भाजतं, आणि मोलाचे तास निघून जातात.

आणखी एक गोष्ट. ट्रंकेतली जुनी झबली, दुपटी काढताना वास घेऊन पाहा. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या लाल पेशी डांबरगोळ्यांमधल्या नॅप्थलीननं भराभर फुटतात आणि कावीळ भडकते. बाळाच्या कपड्यांत त्या गोळ्या ठेवूच नका.

पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, तो तळहात-तळपायांपर्यंत उतरला किंवा बाळ सुस्तावून दूध ओढेनासं झालं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गंडेदोरे, नाकात औषधी थेंब, डाग देणं यांत वेळ घालवू नका. शी पांढुरकी होत असेल किंवा कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली असेल, तर पित्तनलिका बंद असल्याची शंका घ्यावी लागते. त्यावरची शस्त्रक्रिया पहिल्या ६० दिवसांत झाली तर सर्वांत चांगला उपयोग होतो.