धरण आणि पिण्याचे पाणी : भावी स्रोताचे मूल्यमापन

धरणातील एकूण साठा म्हणजे नळाद्वारे मिळू शकणारे पाणी नव्हे. हा भेद दुर्लक्षित राहिल्यास धरण उभे असूनही शहर तहानलेले राहते. जयपूरचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

आवक व पाणलोट क्षेत्र : बाणगंगा नदीवरील रामगढ धरण दीर्घकाळ जयपूरच्या पाणीपुरवठ्याचा आधार होते. 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती याच जलाशयात झाल्या. पुढे पाणलोट क्षेत्रात अतिक्रमणे व प्रवाह अडविणारी बांधकामे वाढली आणि जलाशय कोरडा पडला. 2011 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. धरणाची भिंत कायम होती. आटली ती आवक. म्हणून पाणलोट क्षेत्राचे भवितव्य हा मूल्यमापनाचा पहिला निकष ठरतो.

विश्वासार्हता : सिंचन प्रकल्पात सामान्यतः 75 टक्के वर्षांत हमखास मिळणारे पाणी गृहीत धरले जाते. पिण्याच्या पाण्यासाठी ही मर्यादा जवळपास 100 टक्के असावी लागते. कारण पीक बदलता येते, तहान पुढे ढकलता येत नाही. सरासरी पर्जन्यमानाऐवजी लागोपाठच्या अवर्षणाची वर्षे तपासणे त्यामुळे आवश्यक असते.

मागणी : दरडोई दररोज 135 लिटर या प्रमाणाने 10 लाख लोकसंख्येस वर्षाला सुमारे 4,928 कोटी लिटर, म्हणजे साधारण 1.74 अब्ज घनफूट (टीएमसी) पाणी लागते. वहनात 25 टक्के गळती गृहीत धरल्यास धरणातून सुमारे 2.32 टीएमसी उचलावे लागते. गळती रोखणे हाही एक स्रोतच होय.

वाटप : टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरील बिसलपूर धरणातून 2009 पासून जयपूरला पाणी मिळू लागले. त्याची साठवण क्षमता 38.7 टीएमसी असून पिण्यासाठी 16.2 व सिंचनासाठी 8 टीएमसी राखीव आहे. उर्वरित भागात प्रामुख्याने बाष्पीभवन व मृतसाठा यांचा समावेश होतो. 2005 मध्ये याच धरणाचे पाणी मागणाऱ्या टोंकमधील शेतकऱ्यांच्या आंदोलनावर पोलीस गोळीबार होऊन जीवितहानी झाली. 2002 च्या राष्ट्रीय जलनीतीने पिण्याच्या पाण्यास प्रथम प्राधान्य दिले. परंतु शहराकडे वळविलेल्या पाण्याचा संधी खर्च लाभक्षेत्रातील शेतकरी सोसतो, हे त्या प्राधान्याने पुसले जात नाही.

गुणवत्ता व खर्च : गाळाचे प्रमाण, सांडपाण्याचा शिरकाव, शुद्धीकरण तसेच पाणी उचलण्यासाठी लागणारी वीज यांचा हिशेब बांधकाम खर्चासोबतच मांडला पाहिजे. धरण लांब अंतरावर किंवा खालच्या पातळीवर असल्यास विजेचा आवर्ती भार कायमचा राहतो.

सारांश, पुरेशी आवक, अवर्षणातील हमी, वास्तव मागणी, न्याय्य वाटप आणि परवडणारा खर्च या पाचही कसोट्या एकत्रितपणे लावाव्या लागतात. जुन्या स्रोताचे रक्षण न करता दूरचे धरण शोधणारे शहर आपली टंचाई केवळ दुसऱ्या खोऱ्याकडे सरकवीत असते.