टुंड्रा प्रदेशाचे हवामान व त्यातील बदल

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील शिंदे की छावणी सुमारे 26 उत्तर अक्षांशावर वसलेली आहे. उन्हाळ्यात तेथे पारा 45 अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरून विहिरींना मिळते. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या टुंड्रा प्रदेशात या दोन्ही गोष्टी उलट असतात. तेथील सर्वांत उष्ण महिन्याचे सरासरी तापमानही साधारणतः 10 अंशांपलीकडे जात नाही, म्हणून वृक्ष वाढत नाहीत. पर्जन्य वर्षाकाठी बहुधा 150 ते 250 मिलिमीटर इतकेच. तरीही उन्हाळ्यात सर्वत्र दलदल दिसते. याचे कारण असे की, केवळ वरचा थर वितळतो व त्याखालची भूमी वर्षानुवर्षे गोठलेली असल्याने पाणी मुरण्यास वावच नसतो. शेवाळ, खुरटी झुडपे आणि आपल्याकडे मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलाच्या वर्गातील शैवाके हीच तेथील मुख्य हिरवळ. रेनडिअर हिवाळ्यात बर्फ उकरून तीच दगडफुले खातात.

ही घडी आता विसकटत आहे. 1979 पासून उत्तर ध्रुवीय प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, असे 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. पांढरा बर्फ सूर्यप्रकाशाचा मोठा भाग परत फेकतो. तो वितळला की उघडी पडलेली काळी भूमी व समुद्र तीच उष्णता शोषून घेतात आणि आणखी बर्फ वितळतो. सैबेरियातील वेर्खोयान्स्क येथे 20 जून 2020 रोजी 38 अंश तापमान नोंदले गेले. त्याच वर्षी मे महिन्यात नोरिल्स्कजवळ डिझेलची टाकी खचून सुमारे वीस हजार टन तेल नदीनाल्यांत व जमिनीत गेले. गोठलेली जमीन सैल होणे हे त्याचे एक कारण सांगण्यात आले. याहून मोठी चिंता वेगळीच आहे. गोठलेल्या भूमीत हजारो वर्षांचे न कुजलेले वनस्पतिजन्य द्रव्य साठले आहे व त्यातील कार्बन वातावरणातील कार्बनच्या सुमारे दुप्पट आहे. ती वितळू लागली की हे द्रव्य कुजते आणि कार्बन डायऑक्साइड व मिथेन वायू बाहेर पडतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने स्वालबार बेटांचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. नॉर्वेने 2008 मध्ये तेथील डोंगराच्या पोटात जागतिक बीजभांडार उघडले. हैदराबादजवळील पटनचेरू येथील आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा व भुईमूग यांच्या वाणांचे नमुने तेथे ठेवले आहेत. बियाणे उणे 18 अंशांवर यंत्राने गोठविले जाते. यंत्र बंद पडले तरी भोवतालची गोठलेली भूमी ते सांभाळील, अशी योजना होती. परंतु ऑक्टोबर 2016 मध्ये अवेळी ऊब व पाऊस येऊन प्रवेशाच्या बोगद्यात पाणी शिरले. बियाण्यास धक्का लागला नाही. बोगदा मात्र पुन्हा जलरोधक बांधावा लागला.

याच बेटांवर नी-ऑलेसुंड येथे 1 जुलै 2008 रोजी भारताचे ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. 2014 मध्ये जवळच्या कोंग्सफ्योर्डेन खाडीत पाण्याखाली उपकरणे सोडण्यात आली. खाडीच्या पाण्याचे तापमान व क्षारता त्यांवरून मोजली जाते. उत्तर ध्रुवीय बर्फ घटण्याचा भारतीय मोसमी पावसाशी काय संबंध असावा, हा या अभ्यासाचा एक प्रमुख हेतू आहे. डिसेंबर 2023 पासून भारतीय शास्त्रज्ञ ध्रुवीय रात्रीच्या काळातही तेथे राहून नोंदी घेऊ लागले.