पहिला आकडा, पहिला संशय

सॉफ्टवेअरच्या कामात बरीच वर्षं काढल्यावर एक गोष्ट मी नव्या मुलांना आवर्जून सांगतो: सगळ्यात आधी कानावर पडलेल्या गोष्टीला मन चिकटतं. हुशार आणि अनुभवी माणसांचंही तेच होतं.

पुण्यातल्या एका कंपनीत आमच्या एस्टिमेशनच्या मीटिंगची सुरुवात ठरलेली असायची. मॅनेजर विचारायचे, "दोन आठवड्यांत होईल ना?" मग कोणी बारा दिवस म्हणायचं, कोणी पंधरा. ज्याला पाच आठवडे लागतील असं वाटत असे, तोही चाचरत "तीन धरू या" म्हणायचा. काम व्हायला पाच आठवडेच लागायचे आणि कात्री लागायची ती टेस्टिंगच्या वेळेला.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७४ साली मांडलेला प्रयोग इथे आठवतो. १० किंवा ६५ वरच थांबेल असं एक चाक लोकांसमोर फिरवलं आणि मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? १० पाहणाऱ्यांच्या अंदाजांचा मध्य २५ निघाला, ६५ पाहणाऱ्यांचा ४५. चाकाचा त्या प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता. मग ज्याच्या हातात आपलं अप्रेझल आहे, त्याने उच्चारलेल्या आकड्याचं ओझं किती होत असेल!

म्हणून आकडा बोलायच्या आधी प्रत्येकाने आपापला लिहावा आणि सगळ्यांनी एकदम दाखवावा. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ साली मांडलेल्या प्लॅनिंग पोकर या एस्टिमेशनच्या पद्धतीचं मर्म हेच आहे. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा लिहिणाऱ्यांना आधी बोलू द्या. उदाहरणार्थ, जुना डेटा नव्या टेबलांत हलवावा लागणार आहे, हे बहुधा त्या मोठ्या आकडेवाल्यालाच ठाऊक असतं.

बग शोधतानाही असंच घडतं, फक्त आकड्याची जागा संशय घेतो. एकदा क्लायंटच्या रिपोर्टमध्ये काही पावत्यांवर आदल्या दिवसाची तारीख दिसू लागली. त्याच आठवड्यात टीममधल्या नव्या मुलीचा कोड प्रॉडक्शनवर गेला होता. "तिच्याच बदलामुळे झालं असणार," असं एक सीनियर म्हणाले आणि शोध तिथेच अडकला. बिचारी आपल्याच ओळी पुन्हा पुन्हा वाचत बसली. शेवटी चुकीच्या नोंदी वेळेनुसार लावून पाहिल्या, तर सगळ्या रात्री बारा ते पहाटे साडेपाच यांमधल्या! सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालत होता. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे त्या वेळातली नोंद तिथे आदल्या तारखेला पडायची. ही चूक कोडमध्ये कित्येक वर्षं होती. क्लायंटने त्या आठवड्यात रात्रपाळी सुरू केली, म्हणून ती दिसली.

पीटर वेसन यांनी १९६० साली लोकांना २, ४, ६ हे आकडे देऊन त्यांमागचा नियम शोधायला सांगितलं होतं. नियम साधा होता, आकडे चढत्या क्रमाने हवेत. पण पुष्कळांनी आपल्या मनातल्या नियमात बसणारेच आकडे तपासले आणि चुकीचं उत्तर खात्रीने दिलं. आपला अंदाज खोटा ठरवू शकेल असे आकडे त्यांनी घेतलेच नाहीत. आम्हीही तेच केलं होतं. त्या मुलीचा बदल मागे घेऊन बग राहतो का, हे पाहणं तासाभराचं काम होतं.

त्यामुळे डीबगिंगला बसताना कागदावर निदान तीन संशय लिहा. प्रत्येकासमोर लिहा, काय दिसलं तर हा संशय सोडून द्यायचा. सोपी तपासणी आधी करा. एस्टिमेट देताना मागच्या तशाच कामाला प्रत्यक्ष किती दिवस लागले, ते टिकेटमध्ये उघडून बघा. आठवणीवर विसंबू नका. या खोडी नुसत्या माहीत असून सुटत नाहीत. घाईच्या वेळी मन जुन्याच वाटेने जातं, म्हणून ही पावलं टीमच्या रोजच्या शिस्तीत बसवायला हवीत.

आणि सीनियरांना कळकळीची विनंती: तुमच्या शब्दाला वजन आहे, म्हणून मीटिंगमध्ये तुम्ही सगळ्यात शेवटी बोला. तुमचं मत बाकीच्यांना कळलं, की त्यांचं स्वतःचं मत तुम्हाला क्वचितच ऐकायला मिळेल.