जीपगाडीतील बिनतारी संच

धावत्या मोटारीशी दुरून बोलता यावे, ही गरज पोलिसांना फार लवकर भासली. १९२८ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी आपल्या गाड्यांत रेडिओ ग्राही बसविले. ठाण्यातून सुटलेला हुकूम त्यांतून ऐकू येई. पण उत्तर द्यावयाचे तर शिपायाला गाडी थांबवून टेलिफोन गाठावा लागे. ही अडचण दूर करणारी दुतर्फा यंत्रणा न्यू जर्सी राज्यातील बेयॉन या शहराच्या पोलिसांनी १९३३ मध्ये वापरात आणली. संदेश पाठविणारा प्रेषक आणि संदेश घेणारा ग्राही हे दोन्ही एकाच पेटीत आले आणि त्या पेटीला संच हे सुटसुटीत नाव मिळाले.

शहरातील माणसाला आज या संचाचे अप्रूप वाटणार नाही, कारण त्याच्या खिशात मोबाइल टेलिफोन असतो. परंतु दिल्लीहून निघून मनालीमार्गे स्पितीकडे जाणाऱ्या जीपगाड्यांच्या तांड्याची गोष्ट वेगळी आहे. ग्रांफूपासून बातलपर्यंत चंद्रा नदीच्या काठाने जाणारा रस्ता वाटेत अनेक नाल्यांतून जातो. हे नाले हिमनद्यांच्या पाण्याचे असल्यामुळे सकाळी गुडघाभर असलेले पाणी दुपारनंतर चढते. पुढच्या गाडीने नाला पार केल्यावर मागच्या गाडीला पाण्याची खोली आणि दगडांची जागा सांगता आली, तर मोठा अनर्थ टळू शकतो. अशा रस्त्यांवर मोबाइलचे जाळे पुष्कळ ठिकाणी पोहोचत नाही आणि उपग्रहावरून चालणारा टेलिफोन सरकारी अनुमतीवाचून भारतात बाळगता येत नाही. उरतो तो बिनतारी संच.

मात्र हा संच विकत घेऊन गाडीत बसविला की काम झाले, अशी समजूत असेल तर ती आधी दूर केली पाहिजे. भारतात बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसते जवळ बाळगणे हाही १९३३ च्या कायद्याने गुन्हा ठरविला होता. तो कायदा आणि १८८५ चा तार कायदा या दोहोंची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार कायदा करण्यात आला. परवान्याचे तत्त्व त्यातही कायम आहे. हौशी बिनतारी चालकाचा परवाना परीक्षा देऊन मिळतो आणि त्यावर धंद्याचे बोलणे करता येत नाही. राजीव गांधी हे स्वतः असे परवानाधारक होते. व्हीयू२आरजी हे त्यांचे संकेतनाम होते. हौशी चालकांच्या उपकरणांवरील आयात शुल्क १९८४ मध्ये माफ झाल्यावर भारतातील या छंदाला बरीच गती मिळाली. सीमेलगतच्या प्रदेशात तर कोणताही संच चालू करण्यापूर्वी स्थानिक अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी, हे शहाणपणाचे.

आता प्रत्यक्ष बसविण्याकडे वळू. बहुतेक लोक सर्व पैसा आणि विचार संचावर खर्च करतात. वस्तुतः संदेश किती दूर जाईल हे संचापेक्षा आकाशकावर, म्हणजे बोलीतल्या एरियलवर, आणि ते ज्या धातूच्या पृष्ठभागावर उभे आहे त्यावर अधिक अवलंबून असते. हौशी चालकांना मोकळ्या असलेल्या १४५ मेगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरींची लांबी सुमारे २ मीटर भरते. गाडीवरचे साधे आकाशक तिच्या एक चतुर्थांश, म्हणजे ५० सेंटिमीटरच्या जवळपास असते. २७ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यासाठी हीच काठी पावणेतीन मीटर उंच करावी लागली असती. झाडाच्या पहिल्याच फांदीने तिचा निकाल लावला असता.

हे पाव लांबीचे आकाशक म्हणजे अर्धे आकाशक होय. उरलेल्या अर्ध्याचे काम त्याच्या बुडाशी पसरलेला धातूचा पत्रा करतो. म्हणून पोलादी छपराच्या मोटारीत छपराचा मध्य ही उत्तम जागा. पण जीपचे छपर बहुधा कापडाचे असते. गुडगावच्या कारखान्यातून १९८५ मध्ये बाहेर पडू लागलेली मारुतीची जिप्सी दिल्लीच्या परिसरात आजही पुष्कळ दिसते, जरी सामान्य ग्राहकांसाठी तिचे उत्पादन आता थांबले आहे. तिच्यावर कापडी, नाही तर फायबर-ग्लासचे छपर चढविलेले असते. अशा छपरावर काठी उभी केली तर तिच्या खाली धातू नाहीच. मग बॉनेटच्या कडेला किंवा मागच्या बाजूच्या पत्र्यावर पट्टी बसवून तिच्यावर आकाशक उभारावे. तेथे पत्रा एकाच बाजूला असल्यामुळे संदेश सर्व दिशांना सारखा जात नाही, एवढी उणीव पत्करावी लागते. पट्टीखालचा रंग खरवडून धातू उघडा करणे, आणि मग ग्रीझ लावून तो गंजापासून जपणे, हे काम मात्र चुकवू नये. रंगावर घट्ट आवळलेला बोल्ट डोळ्यांना पक्का वाटतो, पण विजेच्या दृष्टीने तो तुटलेलाच असतो. आकाशकाच्या बुडाशी स्प्रिंग असली तर फांदीचा फटका बसल्यावर काठी वाकून पुन्हा उभी राहते.

आकाशकाची लांबी जुळली की नाही हे मापकाने पाहतात. पाठविलेल्या शक्तीपैकी किती शक्ती परत उलटून येते, ते हा मापक गुणोत्तराच्या रूपाने सांगतो. गुणोत्तर १.५ च्या आत असेल तर समाधान मानावे. ३ च्या वर गेले तर संच बंद करून दोष शोधावा. पट्ट्याच्या खालच्या टोकाला हे गुणोत्तर चांगले आणि वरच्या टोकाला वाईट आले, तर काठी लांब आहे असे समजून ती थोडी थोडी कापावी. एका वेळी दोन-तीन मिलिमीटर पुरेत. कापलेली काठी वाढविता येत नाही.

दुसरा विषय विजेचा. ५० वॅट शक्तीचा संच बोलताना सुमारे १२ अँपियर प्रवाह घेतो. सिगारेट पेटविण्याच्या खोबणीतून इतका प्रवाह घेणे बरे नव्हे. त्यासाठी थेट बॅटरीपासून स्वतंत्र तारा आणाव्यात. बॅटरीपासून संचापर्यंत ३ मीटर अंतर धरले, तर जाऊन-येऊन ६ मीटर तार होते. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत १२ अँपियर प्रवाहाला जवळजवळ सव्वा व्होल्ट दाब वाया जातो. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत केवळ ०.३ व्होल्ट. इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ व्होल्ट देत असेल, तर बारीक तारेने संचाला ११.२ व्होल्टच मिळतील. बहुतेक संच १३.८ व्होल्टसाठी बनविलेले असून पावणेबारा व्होल्टच्या खाली त्यांचे काम बिघडते. नेमकी गाडी बंद पडलेली असताना, जेव्हा मदत मागावयाची असते, तेव्हाच हा संच मुका होतो. दोष मात्र बॅटरीला दिला जातो.

धन तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा, कारण त्याचे काम संचाला वाचविणे एवढेच नसून तार घासून उघडी पडल्यास गाडीला आग लागू न देणे हेही आहे. ऋण तारही थेट बॅटरीला जोडली असेल तर तिच्यावरही फ्यूज ठेवण्याची जुनी चाल आहे. खडबडीत रस्त्यावर इंजिनची अर्थिंगची पट्टी कधी कधी तुटते. मग स्टार्टरचा प्रचंड प्रवाह संचाच्या बारीक तारेतून वाट काढू पाहतो. लष्करी बनावटीच्या कित्येक गाड्यांत २४ व्होल्टची यंत्रणा असते. तेथे दाब उतरविणारे उपकरण मध्ये घालावे लागते.

पेट्रोलच्या इंजिनात प्रत्येक ठिणगी हा एक छोटा प्रेषकच असतो. जिप्सीच्या मालकांना संचात इंजिनच्या गतीबरोबर वाढणारी टकटक ऐकू येते ती यामुळे. रोध असलेले स्पार्क प्लग किंवा तारा वापरल्या आणि बॉनेट गाडीच्या सांगाड्याला विणलेल्या तांब्याच्या पट्टीने जोडले, की ती बरीच कमी होते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसल्यामुळे ही पीडा नाही. तेथे आल्टरनेटरची शिटी तेवढी राहते.

इतके करूनही संच डोंगराला छेदू शकत नाही. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. आकाशक जमिनीपासून २ मीटर उंच धरले, तर सपाट प्रदेशात दोन गाड्यांना एकमेकींशी बोलण्याची मर्यादा सुमारे ११-१२ किलोमीटर येते. पहाडात एखादी धार आड आली की अर्ध्या किलोमीटरवरची गाडीही हरवते. यावर उपाय म्हणजे एक गाडी खिंडीच्या माथ्यावर थांबवून तिच्याकरवी दोन्ही बाजूंचे निरोप पोहोचविणे. रोहतांगची खिंड ३,९७८ मीटर उंच आहे. तिच्या माथ्यावर थांबलेली गाडी हे काम करू शकते. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून बरेचसे प्रवासी खिंड न चढता त्यातूनच जातात. प्रवास सोपा झाला, पण बोगद्यात शिरलेल्या गाडीचा बाहेरच्या गाड्यांशी संबंध तुटतो.

डोंगराची ही सावली ओळखण्यासाठी हिमालय गाठण्याची गरज नाही. गुरुग्राम आणि फरीदाबाद यांच्यामधील अरवलीची ठेंगणी रांग त्यासाठी पुरेशी आहे. एक गाडी रांगेच्या अलीकडे, दुसरी पलीकडे ठेवून बोलून पाहावे, मग एक गाडी माथ्यावर न्यावी. त्याच फेरीत इंजिन बंद ठेवून, दिवे लावून, वायपर चालू करून संचाच्या टोकाशी बोलतानाचा विद्युत् दाब मोजावा. धुळीच्या रस्त्यावर तासभर गाडी पळवून सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. दिल्लीच्या मे महिन्याच्या उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेला संच हाताला चटका देतो, म्हणून त्याला सावलीत, हवा लागेल अशा जागी बसवावे. आणि ध्वनिक्षेपक चालकाच्या नव्हे, शेजाऱ्याच्या हाताशी टांगावा.