विरूपणाच्या मोजमापाविषयी पुतण्यास पत्र

चि. श्रीधर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र व मोजणीचा तक्ता पावला. स्वहस्ते जुळविलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचे विरूपण ०.०५ टक्के भरले, हे वाचून संतोष झाला. परंतु तो आकडा किती वॅटवर, किती ओहमच्या भारावर आणि कोणत्या कंप्रतेवर घेतला याचा तपशील तू कोठेच नोंदविलेला नाहीस, आणि असा बिनतपशिलाचा आकडा मोजणी म्हणून दाखल करून घेण्यास मी तयार नाही.

शुद्ध साइन तरंगाचा आकार जे यंत्र बदलते ते अरेखीय, आणि आकार बदलला की मुळात नसलेले सूर जन्मास येतात. १००० हर्ट्झचा सूर दिला असता २०००, ३००० अशा पटींवर जे संनादी उमटतात, त्यांची एकत्रित टक्केवारी आपण काढतो. पण तीत दुसरा आणि सातवा संनादी एकाच मापाने मोजले जातात. मूळ सूर मध्य षड्ज मानला तर दुसरा तार षड्जावर आणि तिसरा तार पंचमावर पडून त्या सुरात मिसळून जातो. सातवा मात्र कोमल निषादाच्याही खाली, कानाला बोचेल अशा जागी पडतो. बीबीसीतील शॉर्टर यांनी १९५० साली सुचविले की, प्रत्येक संनादीस त्याच्या क्रमांकाच्या वर्गाच्या चतुर्थांशाने गुणावे. त्या हिशेबाने दुसऱ्याचे वजन एक राहते, तिसऱ्याचे सव्वादोन होते आणि सातव्याचे सव्वाबारा. म्हणून प्रत्येक संनादी निरनिराळा मांडीत जा.

एकट्या सुराने परीक्षा पुरी होत नाही, कारण गाणे एकट्या सुराचे नसते. षड्ज २४० हर्ट्झ व शुद्ध गांधार ३०० हर्ट्झ धरून दोन्ही एकत्र दिले, तर अरेखीय यंत्रातून त्यांच्या बेरजेचा ५४० हर्ट्झचा सूर निघतो, तो तार रिषभ. आणि गांधाराच्या दुपटीतून षड्ज वजा जाता ३६० हर्ट्झचा, तो पंचम. भिन्नषड्ज रागात हेच दोन स्वर वर्ज्य आहेत! गायकाने कटाक्षाने टाळलेला स्वर यंत्राने आपल्या मर्जीने मिसळावा, याहून मोठा अपराध मला ठाऊक नाही. उंच पट्टीसाठी १९,००० व २०,००० हर्ट्झचे समान सूर एकदम देऊन १००० हर्ट्झवर काय उगवते ते पाहावे. तेथे संनादी ऐकण्याच्या कक्षेबाहेर जातात, पण हा अंतराचा सूर लपत नाही.

मोजणी पूर्ण शक्तीवर घे, तशी पाव वॅटवरही घे. एक ट्रान्झिस्टर थांबून दुसरा तरंग हाती घेतो त्या सांध्यावर जी खाच पडते, ती सुराच्या प्रमाणात लहान होत नाही, आणि जोरकस तानेत झाकलेला हा दोष मंद आलापीत उघडा पडतो. मात्र त्या पातळीवर खरखरीचा वाटाही वाढतो, तेव्हा वर्णपट पाहून दोघांचा निवाडा करावा.

या सर्वांआधी, ज्याने मोजणी करतोस त्या साउंडकार्डाचे आउटपुट सरळ त्याच्याच इनपुटला जोडून त्याचे स्वतःचे विरूपण नोंदव. कार्डाचे व अ‍ॅम्प्लिफायरचे संनादी कलेनुसार एकमेकांत मिळतात किंवा एकमेकांस खातात, त्यामुळे मागाहून वजाबाकी करून सुटका होत नाही. कार्डच पुष्कळ स्वच्छ असावे लागते. तुझ्या ०.०५ टक्क्यांत त्याचा वाटा किती, हे मला अद्याप उमगलेले नाही.

ही नोंद, दोन्ही शक्तींवरचे वर्णपट आणि भाराचा तपशील पुढील टपालाने पाठव. वहिनींस माझा नमस्कार सांगावा.

तुझा,
काका