खाऱ्या वाऱ्यात शॅबी शीक

कफ परेडच्या मच्छीमार नगरात वस्तू जुनी करायला पैसे मोजावे लागत नाहीत. खिडकीला लोखंडी बिजागरी लावा आणि दोन पावसाळे थांबा, पुढचं काम वारा करतो. म्हणून सुनेने जेव्हा सांगितलं, "आई, हल्ली कपाटाचा रंग मुद्दाम घासून, कडा उघड्या पाडून घर सजवतात, आणि कमी पैशांत होतं," तेव्हा माझ्या नणंदेला हसू आवरेना. शेजारच्या इमारतींत लोक लाखो रुपये घालून गुळगुळीत घरं करतात, आणि आपण आपलं घर पोपडे आलेलं दिसावं म्हणून खटपट करायची!

पण सुनेचा हट्ट अगदीच वाया जाणारा नव्हता. पोटमाळ्याची खोली मुलाला आणि सुनेला द्यायची होती, नातू दीड वर्षाचा होता, हातात पैसे बेताचे. जुनं फर्निचर, सुती कापड, फिकट रंग यांत वाईट काय? वाईट काही नाही. मात्र ही पद्धत जिथून आली तिथली हवा आणि आपली हवा एक नाही, हे कुठल्याही फोटोत दिसत नाही. रेचेल ॲशवेल नावाच्या इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या बाईंनी 1989 साली कॅलिफोर्नियात सांता मोनिकाला 'शॅबी शीक' याच नावाचं दुकान काढलं. जुन्या बाजारातलं टवके गेलेलं लाकडी सामान, धुता येणारे सैल पांढरे अभ्रे, गुलाबांच्या नक्षीचं कापड. समुद्र तिथेही आहे, पण वर्षभराचा पाऊस चारशे मिलिमीटरच्या आत. आपल्या कुलाब्याला चार महिन्यांतच सुमारे दोन हजार मिलिमीटर पडतो. तिथे उघडं पडलेलं लाकूड सुंदर दिसतं. इथे ते पाणी पितं.

तर पहिली गोष्ट खरेदीची. आरशाचं टेबल आणलं चोरबाजारातून. मटण स्ट्रीटच्या भागात खरोखर चांगला माल मिळतो, आणि शुक्रवारी पहाटे रस्त्यावर भरणाऱ्या जुमा बाजारात स्वस्तही मिळतो. पण आम्हाला एका दुकानदाराने "पुराना सागवान है, बर्मा का" म्हणून जे टेबल दिलं, त्याचा वरचा फळा तेवढा सागवानी निघाला. खणांचे तळ प्लायचे आणि मागची चौकट कुठल्याशा पांढऱ्या लाकडाची. पावसाळा लागला तसे खण फुगून अडकले. पुढे टेबलाखाली रोज सकाळी पिठासारखी बारीक भुकटी दिसू लागली.

ही भुकटी ओळखायला शिका. वाळवी मातीच्या नळ्या करत येते, म्हणून ती लवकर लक्षात येते. लाकूड पोखरणारा भुंगेरा मात्र आत असतो. बाहेर दिसतात ती टाचणीच्या टोकाएवढी भोकं, आणि त्यांच्याखाली पीठ. सागाचा गाभा तो सहसा खात नाही. सालीकडचा फिकट भाग आणि हलकी लाकडं खातो. भोकांत लांबी भरून वरून रंग मारला की दुकानात काही कळत नाही, आणि आतल्या अळीचा भुंगेरा होऊन वर्षभराने सावकाश बाहेर येतो. म्हणून घेताना पुढची बाजू बघत बसू नका. खण पूर्ण बाहेर काढा, उलटा करा, तळ आणि पाठ बघा. तिथे कोणी रंग लावत नाही. खणाचे कोपरे खिळ्यांनी ठोकलेत की बोटांत बोटं गुंफल्यासारखे एकमेकांत बसवलेत, ते पाहा. गुंफलेले असतील तर सुताराने मन लावून काम केलेलं आहे. टेबल जमिनीवर दोनदा आपटून पीठ पडतं का बघा. दुकानदार रागावला तर रागावू दे.

किडीवर आमच्याकडे रॉकेल चोपडतात. वास महिनाभर जात नाही, आगीची भीती असते, आणि खोलवरच्या अळीपर्यंत ते पोचेलच असं नाही. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड यांचं पाण्यातलं द्रावण बरं, पण ते उघड्या लाकडातच मुरतं, रंगावर किंवा पॉलिशवर लावून उपयोग शून्य. आमच्या टेबलाचे तळ आणि पाठ सुताराने बदलून दिली, तेव्हा कुठे ते उभं राहिलं. त्याचा खर्च धरला तर टेबल स्वस्त पडलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ते कोणत्याही सजावटीच्या मासिकात मला सापडलं नाही. घरात सासूबाईंच्या वेळचं एक भक्कम कपाट होतं. दर दोन-तीन वर्षांनी त्यावर ऑइल पेंटचा हात फिरलेला: हिरवा, पिवळा, पुन्हा हिरवा, मग पांढरा. सुनेला तर पर्वणीच वाटली. कडा घासल्या की खालचे सगळे थर आपोआप दिसणार. रंगारी आला, त्याने मशीन लावून कोरडंच घासायला घेतलं. खोलीभर पांढुरका धुरळा. नातू खाली रांगत होता आणि बोटं तोंडात घालत होता.

नणंद सरकारी इस्पितळात परिचारिका होती. ती जिना चढून आली, दारातच थांबली आणि मला म्हणाली, "वहिनी, आधी बाळाला उचला. मग मशीन बंद करा. कारण नंतर सांगते."

कारण शिसं. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, हिरव्या, लाल रंगांत शिशाची संयुगं सर्रास असत. भारतात घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपर्यंत खाली आणणारा नियम 2016 मध्ये झाला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधी लावलेल्या रंगाची हमी कोणी देऊ शकत नाही. रंग भिंतीवर किंवा कपाटावर घट्ट बसलेला असेल तोवर फारसा धोका नाही. घासला, खरवडला, किंवा गरम हवेच्या बंदुकीने सोलला की त्याची धूळ आणि वाफ होते, आणि तीच पोटात आणि फुप्फुसात जाते. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं शोषतं, आणि त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. सुरक्षित म्हणावं असं शिशाचं कोणतंही प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेला माहीत नाही. नातवाचं रक्त तपासलं. शिसं निघालं, फार नाही, पण निघालं. डॉक्टरांनी धुळीपासून लांब ठेवायला आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं. पुढच्या तपासणीत आकडा उतरला. मधले महिने कसे गेले ते सुनेला विचारा.

या पद्धतीचा सगळा नखरा जुन्या रंगाचे थर उघडे पाडण्यात आहे, आणि नेमकं तेच आपल्याकडे करू नये. तसं दिसणं हवंच असेल तर दोन्ही थर नवे लावा. जुना रंग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून त्याची चकाकी मारा, वर प्रायमर, मग शिसं नसलेल्या रंगाचा एक हात. तो सुकला की जिथे हात लागून झीज होते अशा कडांवर आणि मुठीभोवती पांढरी मेणबत्ती घासा आणि दुसऱ्या रंगाचा हात द्या. मेण असलेल्या जागी वरचा रंग धरत नाही. सुकल्यावर जाड फडक्याने चोळलं की तेवढाच निघतो आणि खालचा नवा रंग दिसतो. खर्च एका मेणबत्तीचा. पोपडे आधीच सुटत असतील तर घरात हात लावू नका. घासणं टाळताच येत नसेल तर उघड्यावर, पाणी मारून वॉटर पेपरने, तोंडावर एन-95 मास्क लावून, आणि खाली प्लास्टिक पसरून. नंतर केरसुणी फिरवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायचं.

खडूसारखा मऊ, चमक नसलेला रंग हवा म्हणून परदेशी डबे महागात मिळतात. ॲनी स्लोन या ब्रिटिश बाईंनी तसा रंग 1990 मध्ये बाजारात आणला. खडूची बारीक भुकटी पाण्यात कालवून साध्या ॲक्रिलिक रंगात घातली तरी जवळपास तेच दिसतं. पण वर मेण लावायची त्यांची रीत इथे चालली नाही. आमच्याकडे मे महिन्यात मेण चिकट झालं आणि जुलैत त्यावर बुरशी धरली. मेणाऐवजी पाण्यावर आधारित मॅट वॉर्निश लावा.

भिंतींचं सोपं आहे. समुद्राजवळच्या भिंतींना खालून लोणा येतो. वर प्लास्टिक पेंट लावला की तो फुगून सुटतो, कारण आतला ओलावा बाहेर पडत नाही. चुन्याची सफेदी भिंतीला श्वास घेऊ देते, बुरशीही कमी धरते, आणि जो धुरकट मऊ पांढरा रंग लोक पैसे देऊन करून घेतात तो चिमूटभर नीळ घातलेल्या चुन्यात आयताच मिळतो. फक्त चुना उघड्या गिलाव्यावर धरतो, जुन्या ऑइल पेंटवर नाही. कळीचा चुना विरवताना उकळतो, डोळे सांभाळा. आणि कपाट भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा.

लोखंडी स्क्रू आणि बिजागऱ्या काढून पितळी बसवा. पितळ मऊ असतं, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करा, मग साबण लावून पितळी बसवा, नाहीतर डोकं तुटून आत राहतं. स्टीलमध्ये 304 नंबरचं या वाऱ्यात डागाळतं, 316 टिकतं. पितळी मुठी, दिवे दारूखान्यात फोडलेल्या जहाजांचे मिळतात आणि ते खरोखर समुद्र सोसलेले असतात. जहाजातल्या जुन्या पार्टिशनचे पत्रे मात्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नका, त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं.

कापडावर आम्ही जवळजवळ काहीच खर्च केला नाही. सासूबाईंची सुती लुगडी पेटीत होती, त्यांचे पडदे झाले. फुलाफुलांच्या कापडासाठी सून मंगळदास मार्केटला निघाली होती, तिला मी म्हटलं, जा खुशाल, पण हे कापड इंग्रजांनी आपल्याकडूनच नेलं आहे. हिंदुस्थानी छापील सुती कापड तिथे एवढं खपलं की 1721 मध्ये ते वापरण्यावरच बंदी घालावी लागली. एकच सावधगिरी: पांढरे अभ्रे मासळी येणाऱ्या घरात टिकत नाहीत. आम्ही बदामी केले. आणि शोभेसाठी भिंतीवर जाळं टांगायचं असेल तर कोरं टांगा. वापरलेल्या जाळ्याचा वास पाहुण्यांना दारातूनच कळतो.

जुनं लाकूड घ्यायचं तर जुलै-ऑगस्टात घ्या. त्या हवेत ज्याचा खण सरळ सरकतो, तो बारा महिने सरकेल. आमच्या होड्या जून-जुलैच्या मासेमारी बंदीत किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तेव्हा ओळखीचे सुतारही जवळपास भेटतात, त्यांना सोबत न्या. रंगाचं काम दिवाळी उलटून हवा कोरडी झाल्यावर काढा. आणि घरात रांगतं मूल असेल तर तेवढे दिवस त्याला मामाकडे पाठवा, लादी दोनदा ओल्या फडक्याने पुसून झाल्याशिवाय परत आणू नका.