वापरणाऱ्याचा शब्द किती मानावा?



पूर्वी फवारणी पंप घ्यायचा म्हणजे तालुक्याच्या बाजारात चार दुकाने हिंडून, एखादा माहितगार सोबत नेऊन घेतला जाई. आता मोबाईलवर बोट ठेवले की बॅटरीचा पंप घरपोच येतो, आणि त्याच्याखाली शेकडो गिऱ्हाइकांची मते व तारे दिलेले असतात. "साहेब, साडेचार तारे आहेत, घेऊ का?" हा प्रश्न गटात फिरताना हमखास येतो. उसाच्या टॉनिकबद्दलही तोच प्रश्न. तिथे ताऱ्यांऐवजी पाहुण्यांची शिफारस असते, एवढाच फरक.

याचे उत्तर "विश्वास ठेवा" किंवा "ठेवू नका" असे एका शब्दात देता येत नाही. वापरणाऱ्याला जे स्वतःच्या अंगावर कळते, त्याबाबत त्याचा शब्द कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा मोलाचा समजावा. जे मोजल्याशिवाय कळतच नाही, त्याबाबत तो माणूस कितीही सच्चा असला तरी त्याचा शब्द म्हणजे अंदाजच होय.

पंपाचेच घ्या. पट्टा खांद्याला काचतो का, टाकीचे झाकण गळून पाठ भिजते का, चार्जर कितव्या महिन्यात गेला, वॉशर गावात मिळतो की पुण्याहून मागवावा लागतो, हे वापरणाराच सांगू शकतो. मात्र असे मत वाचताना ते कधी लिहिले हे आधी पाहावे. पुष्कळ मते पंप आल्यावर पहिल्या आठवड्यातच लिहिलेली असतात. "पॅकिंग छान, वेळेवर मिळाला," यात पंपाबद्दल काय कळले? बॅटरीचा कस एक हंगाम गेल्यावर लागतो. म्हणून सहा महिन्यांनी, वर्षाने लिहिलेली मते शोधावीत. त्यातही एक-दोन तारे देणाऱ्यांची आधी वाचावीत. दहा नाराज लोकांपैकी सहा जण एकाच जागी, समजा ट्रिगरपाशी, गळती सांगत असतील तर ते खरे धरून चालावे.

मत लिहिणारा खरा गिऱ्हाईक आहे का, हाही प्रश्न आहेच. विक्रेत्याने स्वतः ग्राहक असल्याचे भासवून मते लिहू नयेत, असे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने अशा मतांसाठी आयएस १९००० हे मानकही काढले. सुरुवातीला ते ऐच्छिक ठेवले गेले. नियम झाला म्हणजे लबाडी संपली असे मात्र कोणी समजू नये. एकाच दिवशी, एकाच धाटणीच्या वाक्यांत आलेली पंचवीस मते दिसली तर ती सोडून द्यावीत.

आता न कळणाऱ्या गोष्टी. "फवारा एकदम एकसारखा पडतो" असे कोणी लिहिले तर त्याने ते मोजले होते का? आपण मोजू शकतो. मापाच्या भांड्यात एक मिनिट पाणी धरावे. बॅटरी पूर्ण भरलेली असताना एकदा, आणि उतरत आल्यावर पुन्हा एकदा. दोन्ही मापांत मोठी तफावत असेल तर तणनाशकाची मात्रा पहिल्या टाकीला एक आणि शेवटच्या टाकीला दुसरीच पडणार.

टॉनिकच्या बाबतीत ही अडचण फारच मोठी आहे. आवाजाची यंत्रे पारखणाऱ्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. दोन स्पीकर शेजारी ठेवून तेच गाणे लावले, तर जो किंचित मोठ्याने वाजतो तोच ऐकणाऱ्याला "चांगला" वाटतो. आपल्याकडे तो मान हिरव्या रंगाला आहे. फवारणीत थोडे नत्र वा लोह असले की आठ दिवसांत पाने काळीभोर दिसतात, आणि "लई भारी रिझल्ट" म्हणून फोटो सगळ्या गटात फिरतो. पण कारखाना वजन करतो ते उसाचे, पानांच्या रंगाचे नव्हे. दीड किलोच्या उसात पाच टक्के वाढ म्हणजे ७५ ग्रॅम. बांधावर उभे राहून ती कोणाच्या बापाला दिसणार आहे? त्यात पैसे मोजून आणलेली वस्तू वाया गेली असे म्हणायला माणसाचे मन घेत नाही.

यावरचा तोडगा शेतीनेच जगाला दिला. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात १९१९ साली रुजू झालेल्या रोनाल्ड फिशर यांनी चिठ्ठ्या टाकून वाफे ठरवण्याची पद्धत रूढ केली. तेथील एका बाईंचे म्हणणे होते की कपात दूध आधी घातले की चहा, हे त्या चवीवरून ओळखतात. १९३५ च्या आपल्या पुस्तकात फिशर यांनी त्याची परीक्षा मांडली: आठ कप, चार असे व चार तसे, क्रम चिठ्ठ्यांनी ठरवलेला, चाखणाऱ्याला न सांगितलेला. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये एक.

आपल्या रानातही हे जमते. एकसारख्या जमिनीत, एकाच दिवसाच्या लागणीत सहा-सहा सऱ्यांचे चार पट्टे पाडावेत. कोणत्या दोन पट्ट्यांना टॉनिक द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि उरलेल्या दोघांवर साधे पाणी फवारावे. खते, पाणी सर्वांना सारखेच. तोडणीला प्रत्येक पट्ट्याच्या मधल्या दोन सऱ्यांतील दहा-दहा मीटर ऊस तोडून मोळ्यांचे वजन करावे. टोळीला पट्ट्याचा फक्त नंबर सांगावा. चार फुटी सरीत एकरी ४० टनांचा ऊस असेल तर दहा मीटरला साधारण १२० किलो भरतो, म्हणजे पाच टक्के वाढ ६ किलोंची. आता दोन कोऱ्या पट्ट्यांतच सरीमागे ६ किलोंचा फरक निघाला, तर टॉनिकचा तेवढाच फरक जमेस धरता येणार नाही.

एवढी यातायात कशाला, असे काहींना वाटेल. पण फवारणीचा खर्च एकदाच होत नाही. लागणीला दिले की खोडव्यालाही देण्याचा आग्रह होतो, आणि उसाचे बिल हाती येईपर्यंत दुकानाची उधारी चढत राहते.

पट्ट्यांच्या खुंट्या मात्र पुरुषभर उंच माराव्यात. बुटक्या खुंट्या भर उसात व पाचटात सापडत नाहीत, आणि मग तोडणीच्या दिवशी सगळाच ऊस सारखा दिसतो.